कापणीच्या पद्धतीतील बदल आणि मनगटाचे दुखणे : भोर व वेल्हे परिसरातील भातशेतीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

हाताने करावयाच्या कोणत्याही कामाची पद्धत बदलली की काही दिवस मनगट दुखते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. गोल्फचा खेळाडू फटका मारण्याची ढब बदलतो, तबलावादक हाताची ठेवण बदलतो, टंकलेखन यंत्रावर आयुष्य घालवलेला लेखनिक संगणकाच्या कळफलकाकडे वळतो. या प्रत्येकाच्या मनगटाला त्या बदलाची किंमत काही काळ मोजावी लागते. खेळाडूंच्या बाबतीत या प्रश्नाचा पुष्कळ विचार झाला आहे. सचिन तेंडुलकर यांच्या कोपराच्या दुखण्यामुळे २००४ मध्ये 'टेनिस एल्बो' हा शब्द महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचला आणि २००५ मध्ये लंडन येथे झालेल्या त्यांच्या शस्त्रक्रियेची चर्चा वृत्तपत्रांतून दीर्घकाळ होत राहिली. मात्र ज्यांच्या उपजीविकेचा सारा भार हातावर असतो, अशा शेतकरी व शेतमजूर स्त्री-पुरुषांच्या मनगटाचा विचार त्या मानाने फारच थोडा झालेला दिसतो.

पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या तालुक्यांच्या भातशेतीत पद्धतीच्या बदलाचे एक ठळक उदाहरण उपलब्ध आहे. साध्या धारेच्या विळ्याऐवजी दातेरी विळा वापरावा व पीक जमिनीलगत कापावे, अशी शिफारस कृषिविस्ताराच्या माध्यमातून भातशेतकऱ्यांना केली जाते. 'वैभव विळा' या नावाने हे अवजार महाराष्ट्राच्या भातपट्ट्यात परिचित आहे. शेतीच्या दृष्टीने ही शिफारस योग्यच आहे. परंतु नवा विळा हाती घेतल्यावर दोन-तीन दिवसांत मनगट दुखू लागले, तर त्याचा दोष एकतर अवजाराला दिला जातो किंवा काम करणाऱ्याच्या आळसाला. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे की, हे दुखणे बहुतांशी बदलाच्या वेगातून उद्भवते. म्हणून हाताला सवय होण्यासाठी लागणारा अवधी आखून देणे हा नव्या पद्धतीच्या शिफारशीचाच एक भाग मानला पाहिजे. लेखाचे स्वरूप विवेचनात्मक असून, शरीररचनाशास्त्र व श्रमविज्ञान यांतील प्रस्थापित माहितीच्या आधारे ही मांडणी केली आहे. वेल्हे तालुक्यास 'राजगड' हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. लेखात मात्र दीर्घकाळ रूढ असलेले 'वेल्हे' हेच नाव वापरले आहे.

परिसर आणि कापणीचे श्रम

भोर व वेल्हे हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागून आहेत. राजगड, तोरणा, रोहिडा व रायरेश्वर यांच्या पायथ्याच्या खोऱ्यांतून पावसाच्या पाण्यावर भात घेतला जातो. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत व वरसगाव या जलाशयांनी खोऱ्यांतील सखल जमिनीचा मोठा हिस्सा व्यापलेला आहे. त्यामुळे बरीचशी खाचरे डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी रचलेली, अरुंद व वाकड्यातिकड्या बांधांची आहेत. अशा खाचरांत मोठे कापणीयंत्र उतरवणे अवघड असते. यंत्रयुगातही या भागात विळा टिकून आहे, याचे हे एक प्रमुख कारण होय.

जूनमध्ये रोपे, जुलैमध्ये लावणी आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत कापणी, असा येथील सर्वसाधारण क्रम आहे. कापणीचे दिवस मोजके असतात. पीक तयार झाल्यावर उशीर झाला तर दाणे झडतात, आणि परतीचा पाऊस आला तर उभे पीक आडवे होते. त्यामुळे सावडीने असो वा रोजंदारीने, काम एकदा सुरू झाले की ते सलग करावे लागते.

या श्रमाचे प्रमाण साध्या गणिताने स्पष्ट होते. लावणीचे शिफारस केलेले अंतर २० × १५ सेंमी धरल्यास एका चौरस मीटरमध्ये सुमारे ३३ चूड बसतात. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर; अर्थात एका गुंठ्यात सुमारे ३,३७० चूड येतात. एका व्यक्तीने दिवसभरात दोन गुंठे कापले असे मानले, तर साडेसहा हजारांहून अधिक चुडांतून तिचा विळा गेलेला असतो. एका वेळी दोन किंवा तीन चूड मुठीत धरले तरी मनगटाच्या हालचालींची संख्या दोन ते तीन हजारांच्या घरात जाते.

याच्याशी गोल्फची तुलना उद्बोधक ठरेल. अठरा छिद्रांच्या बहुतेक मोठ्या मैदानांवर प्रमाण फटक्यांची संख्या ७२ असते आणि त्यांपैकी ३६ फटके चेंडू हलकेच छिद्राकडे ढकलण्याचे गृहीत धरलेले असतात. म्हणजे मनगटावर खरा ताण देणारे फटके उरतात ते फार तर छत्तीस. त्यात सरावाचे एक-दोनशे फटके मिळवले, तरी भात कापणाऱ्या स्त्रीच्या एका दिवसाच्या हालचालींशी त्यांची बरोबरी होत नाही. गोल्फच्या फटक्याचा जोर अर्थातच कितीतरी अधिक असतो. पण मनगटाच्या दृष्टीने जोर आणि पुनरावृत्ती हे दोन्ही घटक सारखेच महत्त्वाचे आहेत. शिवाय फटका बदलताना मनगट दुखले तर खेळाडू आठवडाभर मैदानावर जाणे टाळू शकतो. कापणी करणाऱ्या व्यक्तीला ती मोकळीक नसते.

दोन विळे, दोन हालचाली

साध्या विळ्याची धार अखंड व गुळगुळीत असते. तो वेगाने फिरवला तरच चांगले कापतो. त्यामुळे डाव्या हातात चूड धरायचा आणि उजव्या मनगटाला हलका हिसका देऊन पाते ओढून घ्यायचे, अशी हालचाल वर्षानुवर्षांच्या सवयीने हातात बसलेली असते. या हिसक्यात मनगट अंगठ्याच्या बाजूकडून करंगळीच्या बाजूकडे वेगाने झुकते. पाते बोथट झाले की हिसका वाढवावा लागतो. म्हणून विळा वारंवार पाजवून घ्यावा लागतो.

दातेरी विळ्याचे तत्त्व निराळे आहे. त्याचे बारीक दात करवतीप्रमाणे काड्यांत रुततात आणि पाते आपल्याकडे ओढले की काडी कापली जाते. त्याला वेगाची गरज नसते. सावकाश व सलग ओढ लागते. ही ओढ कोपर मागे नेऊन, म्हणजे दंड व खांद्याच्या मोठ्या स्नायूंनी द्यावयाची असते आणि मनगट जवळजवळ स्थिर ठेवावयाचे असते. जुन्या सवयीने या विळ्यालाही हिसका दिला, तर दात काड्यांत अडकतात, पाते मध्येच थांबते, हात मात्र पुढे जात राहतो. त्या क्षणी सगळा धक्का मनगटाच्या लहान सांध्यांवर व कंडरांवर येतो. अवजार नवे आणि हालचाल जुनी, असा हा विसंवाद दुखण्याच्या मुळाशी असतो.

दुसरा बदल कापण्याच्या उंचीचा आहे. पूर्वी वीतभर धसकट सोडून कापणी केली जात असे. पिवळ्या खोडकिडीच्या अळ्या कापणीनंतर धसकटांत राहतात व पुढील हंगामात त्यांपासून पुन्हा उपद्रव सुरू होतो. पीक जमिनीलगत कापून धसकटे नष्ट केल्यास हे चक्र खंडित होण्यास मदत होते; शिवाय जनावरांसाठी पेंढाही अधिक मिळतो. परंतु जमिनीलगत कापताना बोटांची पेरे मातीला घासू नयेत म्हणून मनगट वर उचलून, वाकड्या स्थितीत धरावे लागते. भोपाळ येथील केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने विकसित केलेल्या 'नवीन' या दातेरी विळ्याच्या मुठीला जो विशिष्ट आकार दिला आहे, त्यामागे पकड चांगली बसावी व बोटे सुरक्षित राहावीत हाच विचार आहे. बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक दातेरी विळ्याची मूठ मात्र अशी असतेच असे नाही.

मनगटाची रचना

मनगट हा एक सांधा नसून आठ लहान अस्थींचा दोन ओळींत रचलेला समूह आहे. कोपरापासून येणाऱ्या दोन लांब अस्थी आणि तळहाताच्या पाच अस्थी यांच्या मध्ये तो बसवलेला असतो. बोटे हलवणारे बहुतेक मोठे स्नायू प्रत्यक्षात कोपराखालच्या भागात असतात आणि त्यांच्या दोरीसारख्या कंडरा मनगटावरील अरुंद खोबणींतून बोटांपर्यंत जातात. मनगट सरळ असताना या दोऱ्या सहज सरकतात. ते वाकलेले असताना त्या खोबणीच्या कडेवर घासतात.

मनगट अंगठ्याच्या बाजूला सुमारे २० अंश आणि करंगळीच्या बाजूला सुमारे ३० अंश झुकू शकते. म्हणजे या दिशांतील त्याची मर्यादा मुळातच लहान आहे. हाताची पकड सर्वांत बलवान असते ती मनगट किंचित मागे, म्हणजे पंजाच्या पाठीच्या बाजूला कललेले असताना. ते तळहाताच्या बाजूला मुडपले की तीच पकड लक्षणीयरीत्या दुबळी होते. रिकाम्या हाताची मूठ घट्ट आवळून मनगट आतल्या बाजूस पूर्ण वाकवून पाहिल्यास पकड सैल पडत असल्याचे कोणालाही जाणवेल. तात्पर्य, वाकड्या मनगटाने काम करणाऱ्यास तेच काम करण्यासाठी अधिक जोर लावावा लागतो.

दुखणे बदलानंतरच का उद्भवते?

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. जुन्या विळ्याच्या हिसक्यातही मनगट झुकतच होते. मग नव्या, तत्त्वतः सौम्य असलेल्या पद्धतीनंतर दुखणे का यावे? याची तीन कारणे सांगता येतील.

पहिले कारण असे की, शरीर ज्या भाराला सरावलेले असते त्याच भाराला ते समर्थ असते. वीस वर्षे साधा विळा चालवणाऱ्या हाताचे काही स्नायू व कंडरा त्या विशिष्ट हालचालीसाठी घडलेल्या असतात. पद्धत बदलताच भार शेजारच्या, आजवर निवांत असलेल्या भागाकडे सरकतो. एकूण श्रम तेवढेच किंवा कमी असले तरी त्या भागापुरते ते अकस्मात वाढलेले असतात. म्हणूनच अनुभवी माणसालाही नवशिक्याचे दुखणे येते.

दुसरे कारण शिकण्याच्या प्रक्रियेत आहे. अपरिचित हालचाल करताना सांध्याच्या दोन्ही बाजूंचे परस्परविरोधी स्नायू एकाच वेळी आखडले जातात आणि मूठ गरजेपेक्षा पुष्कळ घट्ट आवळली जाते. नव्याने सायकल शिकणारा मुलगा हँडल जसा आवळून धरतो, तसाच हा प्रकार होय. सरावाने हा अनावश्यक ताण कमी होतो. 'हात बसणे' या आपल्या वाक्प्रचारात कौशल्याबरोबरच ही काटकसरही अभिप्रेत आहे.

तिसरे व सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे स्नायू आणि कंडरा यांच्या घडणीचा वेग भिन्न असतो. स्नायूंना रक्तपुरवठा विपुल असतो. अनोळखी श्रमाने अंग आंबते, ते साधारणपणे एक ते तीन दिवसांत सर्वाधिक जाणवते व नंतर ओसरते. कंडरांना रक्तपुरवठा तुलनेने कमी असतो. त्यांच्यावर भार पडला की त्यांतील कोलॅजन या तंतुमय प्रथिनाची झीज व नवनिर्मिती दोन्ही सुरू होतात. परंतु पहिल्या २४ ते ३६ तासांत झीज अधिक असते आणि भर त्यानंतर पडू लागते. या अवधीत पुन्हा तितकाच भार दिला तर भरून येण्याआधीच नवी झीज होते. कापणी करणारी व्यक्ती सकाळी उठून नेमके हेच करते. स्नायू दोन-चार दिवसांत सरावतात, जोर आल्यासारखा वाटतो, काम वाढवले जाते. कंडरा मात्र मागेच राहिलेली असते. पहिल्या दिवसापेक्षा चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणे बळावते, त्याचा उलगडा यावरून होतो.

काम आणि दुखणे यांच्या संबंधाकडे वैद्यकाने फार पूर्वी लक्ष वेधले आहे. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या व १७१३ मध्ये वाढवलेल्या आपल्या ग्रंथात विविध व्यवसायांच्या आजारांची मीमांसा केली आणि लेखनिकांच्या हाताचे दुखणे सततच्या एकाच प्रकारच्या हालचालीशी जोडले. तीन शतकांनंतरही हे तत्त्व शेताच्या बांधापर्यंत पुरेसे पोहोचलेले नाही.

दुखण्याच्या जागा व त्यांचा अर्थ

मनगट दुखते, एवढ्या सांगण्यावरून दुखण्याचा उलगडा होत नाही. ते कोठे दुखते हे पाहणे आवश्यक ठरते.

कोपराखालच्या मांसल भागात दोन्ही बाजूंनी जाणवणारा बोथट ठणका बहुधा स्नायूंचा असतो. तो विश्रांतीने दोन-तीन दिवसांत कमी होतो व चिंतेचे कारण नसते.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल आणि अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवल्यावर तीव्र कळ येत असेल, तर अंगठ्याच्या दोन कंडरांच्या आवरणाला सूज आली असण्याची शक्यता असते. फ्रिट्झ द केर्व्हें या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ मध्ये या विकाराचे वर्णन केले व तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. बाळंतपणानंतरच्या काळात, तान्ह्या मुलाला वारंवार उचलावे लागत असल्याने, त्याचा संभव वाढतो. तान्हे मूल असलेल्या स्त्रीला कापणीच्या कामावर नवा विळा देताना ही बाब लक्षात घेतली पाहिजे.

करंगळीच्या बाजूचे दुखणे हिसक्याशी निगडित असते. तेथे एक त्रिकोणी कूर्चा व काही अस्थिबंध सांध्याला स्थिरता देतात. पंजा फिरवताना तेथे 'कट' असा आवाज येऊन कळ निघत असेल तर काम थांबवणे इष्ट होय. गोल्फच्या खेळाडूंतही मनगटाच्या या बाजूची दुखणी आढळतात, कारण फटक्याच्या अखेरीस मनगट त्याच दिशेने वेगाने झुकते.

अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना रात्री मुंग्या येणे किंवा बधिरता जाणवणे हे मनगटातील मज्जातंतूवर दाब पडत असल्याचे लक्षण असू शकते. बांधावरून हातावर पडल्यानंतरचे दुखणे, दिसण्याजोगी सूज, हातातून वस्तू निसटणे किंवा दोन आठवड्यांनंतरही न ओसरणारी वेदना यांबाबत घरगुती लेप लावून काम रेटू नये. नजीकच्या शासकीय रुग्णालयात दाखवावे.

बदल कसा घडवावा?

वरील विवेचनावरून काही व्यवहार्य सूचना करता येतात.

(१) नव्या विळ्याची ओळख ऐन कापणीत करून देऊ नये. कापणीपूर्वी पंधरा दिवस, एक दिवसाआड, पंधरा-वीस मिनिटे बांधावरचे गवत त्या विळ्याने कापावे. मधला रिकामा दिवस कंडरा भरून येण्यासाठी आवश्यक आहे.

(२) कापणीच्या पहिल्या दिवशी कामाचा सुमारे चौथा हिस्साच नव्या विळ्याने करावा व उर्वरित जुन्या विळ्याने पूर्ण करावा. पुढे हा हिस्सा टप्प्याटप्प्याने वाढवावा. जुना विळा पहिल्याच दिवशी अडगळीत टाकणे योग्य नव्हे.

(३) 'हिसका नको, ओढ हवी. मनगट नको, कोपर हवे' हे सूत्र प्रात्यक्षिकात आवर्जून सांगावे. एका वेळी मावेल तेवढाच चूड धरावा. मूठ भरून काड्या धरल्या की दात अडकतात.

(४) मुठीचा व्यास साधारणपणे ३ ते ४ सेंमी असावा. मूठ बारीक असल्यास तिच्यावर कापडी पट्टी गुंडाळावी. डावखुऱ्या व्यक्तीसाठी पात्याची धार कोणत्या बाजूने घासलेली आहे हे पाहून विळा निवडावा.

(५) कापणे, पेंढ्या बांधणे व वाहणे ही कामे एकाच व्यक्तीने दिवसभर न करता सावडीतील माणसांनी तासा-दोन तासांनी आपसांत बदलावीत. परस्परसाहाय्याच्या आपल्या जुन्या प्रथेत ही सोय अंगभूत आहे. तिचा आरोग्याच्या दृष्टीने जाणीवपूर्वक उपयोग करता येईल.

यांपैकी पहिल्या दोन सूचना स्वतःच्या खाचरात काम करणाऱ्यांना सहज पाळता येतील. रोजंदारीवर काम करणाऱ्या स्त्रीला मात्र कामाचा वेग ठरवण्याचा अधिकार नसतो. तिच्या बाबतीत पहिल्या आठवड्यात थोडे कमी काम होईल हे मान्य करण्याची जबाबदारी शेतमालकाची आहे. मजुरी गुंठ्यावर ठरलेली असेल तर नव्या पद्धतीचा संक्रमणकाळ तिच्या पदरचे पैसे खर्चून पार पडतो, हे विसरता कामा नये.

महाविद्यालयांची भूमिका

हा विषय प्राध्यापकवर्गापुढे मांडण्यास एक विशेष प्रयोजन आहे. या दोन तालुक्यांतून अनेक कुटुंबांतील कर्ती माणसे कामधंद्यासाठी पुण्या-मुंबईस गेलेली आहेत. कापणीच्या दिवसांत मनुष्यबळ कमी पडते व महाविद्यालयीन विद्यार्थी-विद्यार्थिनी घरच्या कामात हातभार लावतात. वर्षभर लेखणी व भ्रमणध्वनी धरणाऱ्या या हातांना विळा अनोळखीच असतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरात कुदळ-फावडे हाती घेणाऱ्या स्वयंसेवकांची स्थिती याहून वेगळी नसते. तिसऱ्या दिवशी मनगट धरून बसलेल्या विद्यार्थ्यास कामचुकार ठरवण्याआधी त्याच्या कंडरांना किती अवधी मिळाला, हे पाहणे न्याय्य ठरेल.

शारीरिक शिक्षण, प्राणिशास्त्र, गृहविज्ञान, अर्थशास्त्र व समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन कापणीच्या हंगामात मनगटाच्या दुखण्याची साधी नोंद ठेवली, तर एक मौलिक आंतरविद्याशाखीय अभ्यास उभा राहू शकेल. कोणता विळा वापरला, किती दिवस वापरला, कोठे दुखले, किती दिवसांचे काम बुडाले, एवढे चार प्रश्नही आरंभास पुरेसे आहेत.

समारोप

नवे तंत्र शेतकऱ्यापर्यंत पोहोचवताना अवजार, बियाणे व खत यांचा विचार केला जातो. ते अवजार धरणाऱ्या हाताचा विचार बहुधा गृहीत धरला जातो. परिणामी एक चांगला विळा मनगट दुखते म्हणून आढ्याला खोचून ठेवला जातो, खोडकिडीचा बंदोबस्त राहून जातो आणि 'आपले जुनेच बरे' हा समज दृढ होतो. किंवा त्याहूनही वाईट म्हणजे, दुखणे अंगावर काढून एखादी स्त्री काम करीत राहते आणि हंगाम संपल्यावर पाण्याची कळशी उचलणेही तिला कठीण होते. हे दोन्ही परिणाम टाळता येण्याजोगे आहेत. त्यासाठी लागणारा खर्च अत्यल्प आहे : कापणीपूर्वीचा पंधरवडा, दिवसाआडची थोडी मेहनत आणि पहिल्या आठवड्यात कमी कामाला दिलेली मान्यता. शिफारसपत्रकात विळ्याच्या नावापुढे या तीन ओळी छापल्या गेल्या, तर ती शिफारस खऱ्या अर्थाने पूर्ण झाली असे म्हणता येईल.